पहिला आरसा

नव्या वस्तूचे कौतुक कोणाला नसते? घरात नवे कपाट आले, नवे घड्याळ आले की चार दिवस सारे घर त्याच्याभोवती फिरत राहते. परंतु माझे मत विचाराल तर नवी वस्तू माणसाला आनंद देते, ज्ञान देत नाही. ती मुकाट्याने चालते. आणि जी वस्तू मुकाट्याने चालते तिच्या पोटात काय आहे हे पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. जुन्या वस्तूचे तसे नाही. ती पहिल्याच दिवशी अडून बसते आणि मालकाला तिचे पोट उघडावेच लागते. जुने घर घेणाऱ्याला गवंडीकाम कळू लागते, जुनी मोटार घेणारा वर्षभरात अर्धा मेकॅनिक होतो. आधीच्या मालकाने ही वस्तू एवढ्या स्वस्तात का सोडली, हे कोडेही त्याला हळूहळू उलगडू लागते.

हे तत्त्वज्ञान मी ज्या वस्तूच्या जोरावर सांगतो आहे ती मात्र माझी नव्हे. मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या घरातले सर्वांत अवघड यंत्र म्हणजे मिक्सर, आणि त्याचीही बटणे सौभाग्यवतींच्या ताब्यात. तरीही गेल्या वर्षी दीड महिना मी एका लेसर कोरीव यंत्राच्या सहवासात काढला, आणि ते यंत्र जुने होते.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या अंबाजोगाईच्या एका गल्लीत टेम्पो येऊन थांबला आणि सहा जणांनी मिळून त्यातून एक पत्र्याचा पेटारा उतरवला. लोखंडी कपाट आडवे निजवावे आणि त्याला वरून झाकण लावावे, असा त्याचा आकार. त्याच्यामागून गोधडीत गुंडाळलेली चार फुटी काचेची नळी, तान्हे मूल उचलावे तशी दोन्ही हातांवर तोलून, माझा एक जुना विद्यार्थी उतरला. बी. ए. ला त्याचा विषय मराठीच होता. पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही. मग पुण्याकडे एका दुकानात तो असल्याच यंत्रावर वर्षभर मदतनीस होता, आणि तिकडच्याच एका कारखान्याने मोडीत काढलेले हे यंत्र त्याने पंचाहत्तर हजारांना घेतले होते. त्यात दोन हंगामांची शिल्लक होती आणि बायकोची बोरमाळ होती.

‘हंगाम’ म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकापर्यंत साखर कारखान्यांच्या शिवारात पाचटाच्या कोप्या घालून राहतात आणि होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एकटा माणूस असला तर तो ‘अर्धा कोयता’. हंगामापूर्वी मुकादम जी रक्कम हातावर ठेवतो ती ‘उचल’. ती ऊस तोडून फेडायची, आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जायचे. ह्या मुलाचे गाव धारूर तालुक्यातले, डोंगराच्या कुशीतले. आईवडील कोयत्यावर, लग्न झाल्यापासून तो आणि त्याची बायकोही कोयत्यावर. यंत्र चालले तर त्या वर्षी एक कोयता कमी होणार होता. मुकादमाने दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती.

पहिल्याच संध्याकाळी तो आमच्या घरी आला.

“सर, मशीन आलंय, पण चालंना. पुस्तक सगळं इंग्रजीत हाय, अन् ते इंग्रजी बी कायतरी वेगळंच हाय.”

पुस्तक मी पाहिले. ते चिनी भाषेतून इंग्रजीत आले होते आणि वाटेत बहुतेक व्याकरण सांडले होते. ‘प्रकाशाला प्रेमाने वाट द्यावी’ अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. वाङ्मय म्हणून ते मला आवडले. दुरुस्तीच्या दृष्टीने त्याचा उपयोग झाला नाही.

तेव्हा आम्ही आधी यंत्राचे शास्त्र समजावून घेतले. त्या काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम ह्या वायूंचे मिश्रण कोंडलेले असते. त्यातून पंधरा-वीस हजार व्होल्टच्या दाबाने वीज खेळवली की नळीच्या टोकातून एक किरण निघतो. तो तीन आरशांवरून वळत वळत एका भिंगापाशी येतो, भिंग त्याला सुईच्या टोकाएवढा बारीक करते, आणि खाली ठेवलेले लाकूड, ॲक्रिलिक वा दगड त्या बिंदूपुरते जळते. संगणकाने सांगितलेल्या वाटेने भिंग फिरले की अक्षर उमटते. गंमत अशी की हा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याचा ठावठिकाणा कळतो तो केवळ त्याने केलेल्या डागावरून.

या किरणाची जन्मकथाही मोठी सुरस आहे. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. पुढे चारच वर्षांनी, १९६४ साली, कार्बन डायऑक्साइड वायूतून लेसर मिळवण्याची किमया न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी केली. हे पटेल १९३८ साली जन्मले ते आपल्या बारामतीत, आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. ही हकीकत मी त्या मुलाला सांगितली तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “बारामती? तिकडं मी दोन हंगाम ऊस तोडलाय, सर.”

आता दुरुस्तीकडे वळतो. पहिला अडथळा पाण्याचा निघाला. वीज खेळली की नळी तापते, म्हणून तिच्याभोवती काचेचेच वेष्टन असते आणि त्यातून सतत पाणी फिरवावे लागते. पाणी थांबले तर नळी तडकेल, म्हणून वाटेत एक पहारेकरी बसवलेला असतो. पाण्याचा ओघ लागला तरच तो विजेला पुढे जाऊ देतो. आमच्याकडे पंप घुरघुरत होता, पाणी फिरत होते, पण किरण काही उमटेना. चौथ्या दिवशी तो पहारेकरी उघडला तेव्हा आत पांढरा खरपुडा धरलेला. आधीच्या मालकाने बहुधा बोअरचे पाणी घातले असावे.

“अहो, आपल्या चहाच्या भांड्यात बसतो तोच हा क्षार,” सौभाग्यवती म्हणाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या सल्ल्याने लिंबूसत्त्वाच्या पाण्याने तो भाग धुतला, आणि पुढे बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वीस लिटर आणले. क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते, शुद्ध पाण्यातून फारशी वाहत नाही, हेही त्यांनीच सांगितले. नळीत एक हवेचा बुडबुडा अडकला होता. बुडबुड्याच्या जागी पाणी नसते आणि काच तिथेच तापून तडकते. यंत्राचे एक टोक विटांवर उचलून तो बुडबुडा बाहेर घालवला.

दुसरी अडचण झिणझिण्यांची. यंत्राच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या येत. दुकान भाड्याचे, आणि तिथल्या अर्थिंगची तार भिंतीत शिरून कुठेच जात नव्हती. वायरमन बोलावला, परसात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरली. त्या दिवशी मुलाची आई गावाहून आली होती. ती खड्ड्याकडे पाहून मला म्हणाली, “गुरुजी, एवढा पैका जमिनीत पुरायलाय, उगवंल ना ह्यातून काही?” उत्तर मला सुचले नाही. वायरमनने मात्र तिला गंभीरपणे सांगितले, “मावशी, ह्यातून काही उगवू नये म्हणूनच हे पुरायचं असतं.”

यानंतर किरण निघू लागला. नळीतली वीज जांभळट गुलाबी दिसू लागली. फिकट पांढरी दिसली असती तर आतला वायू बिघडला असे समजायचे, आणि मग खेळच संपला असता. कारण नवी नळी घेण्याइतके पैसे उरले नव्हते. नळी जिवंत होती. परंतु लाकडावर अक्षर उमटेना. पाट्याच्या एका कोपऱ्यात फिकट डाग पडे, आणि दुसऱ्या कोपऱ्यात काहीच नाही.

येथून खरी कसोटी सुरू झाली. आरशांची जुळणी करण्याची रीत अशी: आरशापुढे कागदी चिकटपट्टी लावायची, झाकण बंद करायचे आणि क्षणभर किरण सोडायचा. पट्टीवर जळका ठिपका पडतो. मग सरकता भाग दूर न्यायचा आणि त्याच पट्टीवर पुन्हा किरण सोडायचा. जवळचा आणि दूरचा असे दोन्ही ठिपके एकाच जागी पडले तर किरण सरळ. दोन पडले तर वाकडा. प्रत्येक आरशाच्या पाठीशी तीन स्क्रू असतात. ते कणाकणाने फिरवून ठिपके एक करायचे. झाकण लावल्याशिवाय किरण सोडायचा नाही, हा नियम त्या मुलाने एकदाही मोडला नाही. न दिसणारा किरण डोळ्यात गेला तर पुन्हा काहीच दिसणार नाही, हे पुण्याच्या दुकानात त्याच्या मनावर चांगले बिंबवले होते.

आठ दिवस तो तिसऱ्या आरशाचे स्क्रू फिरवत होता. तिसराच का? तो भिंगाच्या अगदी वर असतो, हाताला पटकन सापडतो आणि ठिपका चुकतो तो त्याच्याच खाली. पण स्क्रू किंचित फिरवला की ठिपका लांब उडी मारी. एका बाजूने आणावा तर दुसऱ्या बाजूने निसटे. दुकानाचे भाडे चढत होते. मुकादम एकदा येऊन गेला होता. तो वाईट बोलला नाही. खुर्चीवर बसून त्याने चहा घेतला, यंत्राकडे पाहिले आणि म्हणाला, “बघ बाबा. माझी ट्रक काय कुणासाठी थांबत नसती.”

रविवारी सौभाग्यवती डबा घेऊन दुकानात आल्या. दहा मिनिटे त्यांनी हा खटाटोप पाहिला आणि शाळेतल्या स्वरात विचारले, “आरसा एक अंश वळवला तर किरण किती अंश वळतो?”

“एक,” मी म्हणालो. मराठीच्या माणसाचा हिशेब सरळ असतो.

“दोन,” मुलगा म्हणाला.

“बरोबर. आरसा जेवढा वळेल त्याच्या दुप्पट किरण वळतो. मग पहिल्याच आरशापाशी तो केसभर चुकला असेल, तर चार फुटांवर त्या चुकीचं काय होईल? तू शेवटच्या आरशाला दोष देतोयस. त्याच्याकडे किरण आला तोच वाकडा. पहिल्यापासून बघ.”

पहिला आरसा नळीच्या तोंडाशी, यंत्राच्या मागच्या अंगाला, अंधारात असतो. तिथे हात पोहोचायला पाठीमागचा पत्रा काढावा लागतो. पत्रा काढला. टेम्पोच्या हादऱ्यांनी म्हणा, आधीच्या मालकाच्या हयगयीने म्हणा, त्या आरशाचा एक स्क्रू सैल होऊन नुसता अडकून राहिला होता. तो आवळला. पहिल्या आरशाने दुसऱ्यावर जवळून आणि दुरून एकच ठिपका पाडीपर्यंत पुढे जायचे नाही, असे ठरले. मग दुसरा, मग तिसरा. रात्री साडेअकरा वाजता पाटाच्या चारही कोपऱ्यांत, एकाच जागी, एकच काळा ठिपका पडला. मोहरीच्या दाण्याएवढा तो ठिपका आम्ही तिघेजण किती वेळ पाहत उभे होतो!

तरीही अक्षर जाड, फुगीर उमटत होते, टाकाची निब फाकल्यासारखे. भिंग काढून पाहिले. ते पिवळसर असते, झिंक सेलेनाइडचे. धुराने काळवंडले होतेच, शिवाय उलटे बसवले होते. फुगीर बाजू वर, येणाऱ्या किरणाकडे हवी. ती खाली होती. कापसाने पुसून भिंग सुलटे बसवले. मग लाकडाची पट्टी एका टोकाने उचलून तिरपी ठेवली आणि तिच्यावर एक लांब रेघ मारली. जिथे रेघ सर्वांत बारीक आली तेवढी भिंगाची उंची धरायची. फोकस साधण्याची ही युक्ती मला फार आवडली. काय बरोबर आहे हे ठाऊक नसेल तर सगळ्या शक्यता एका ओळीत मांडाव्या आणि सर्वांत रेखीव असेल ती उचलावी!

यापुढची अडचण मात्र माझ्या प्रांतातली होती. यंत्राला इंग्रजी नाव दिले की ते निमूटपणे कोरून देई. मराठी दिले की घोटाळा. पहिली वेलांटी अक्षर सोडून भलत्याच ठिकाणी जाऊन बसे, जोडाक्षरांचे पाय मोडत, आणि सगळे सुरळीत झाले तरी शिरोरेषेत जागोजाग पांढरे चौकोन राहत, उंदरांनी कुरतडल्यासारखे. मराठीतले आद्यकवी म्हणून ज्यांचा मान आहे त्या मुकुंदराजांची समाधी ज्या गावात आहे, ज्या गावात दासोपंतांनी चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर ओळीमागून ओळी लिहून काढल्या, त्या गावात अक्षरांची ही दशा व्हावी!

कारण शोधता शोधता कळले ते असे. यंत्राच्या लेखी प्रत्येक अक्षर ही एक सुटी आकृती. रोमन अक्षरे फटकून उभी राहतात, त्यामुळे त्यांचे भागते. आपली देवनागरी अक्षरे मात्र शिरोरेषेत हातात हात घालून चालतात. एकाची रेघ शेजाऱ्याच्या रेघेवर किंचित चढलेली असते. दोन आकृत्या जिथे एकमेकींवर येतात ती जागा रिकामी सोडायची, असा संगणकाचा हिशेब. त्यावर उपाय एकच. कोरण्यापूर्वी सगळ्या अक्षरांच्या कडा संगणकावरच एकत्र सांधून घ्यायच्या, म्हणजे सारा शब्द ही एक आकृती होते. वेलांट्यांसाठी जुन्या धाटणीचा टंक सोडून युनिकोडमधला टंक घेतला, आणि तयार शब्द आकृती करूनच यंत्राला द्यायचा असा शिरस्ता ठेवला.

हे सारे चालू असता बाजारपेठेतले एक वृद्ध कारागीर यंत्र पाहायला आले. भांड्यांवर नाव घालून देण्यात त्यांचे आयुष्य गेले. लग्नातल्या ताटा-तांब्यांवर बारीक ठिपक्यांनी कोरलेली त्यांची अक्षरे अंबाजोगाईच्या कितीतरी स्वयंपाकघरांत आजही सापडतील. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग हळूच विचारले, “भांड्यावर नाव घालतं का हे?”

“नाही, काका. हा किरण धातूवरून परत फिरतो. स्टील-पितळेला लागत नाही.”

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. चहा झाला, आणि जाता जाता त्यांनी आपले एक गुपित देऊन टाकले: “आधी शिरोरेघ सरळ ओढ, मग अक्षरं तिला टांग. अक्षरं आधी लिहून वर रेघ ओढशील तर ती वाकडीच यायची.” तेव्हापासून तो मुलगा मांडणी करताना पहिल्याने रेघच आखतो.

दसऱ्याला नऊ दिवस उरले असता पहिले मोठे काम आले. एका शाळेच्या गुणगौरव समारंभासाठी साठ लाकडी पाट्या हव्या होत्या. मजकूर कागदावर लिहून आला होता. त्या संध्याकाळी मुलगा तो कागद घेऊन घरी आला.

“सर, ह्यांनी ‘स्मृतीचिन्ह’ असं लिहिलंय, ती दीर्घ. बरोबर हाय का?”

मी वीस वर्षे शुद्धलेखन शिकवतो आहे. विद्यार्थी ते परीक्षेपुरते सहन करतात आणि परीक्षा झाल्यावर विसरतात. ऱ्हस्व-दीर्घासाठी कोणी आपल्या पायांनी चालत घरी आल्याचा तो पहिलाच प्रसंग. सुटा शब्द ‘स्मृती’, तेव्हा दीर्घ. समासात मूळचे ऱ्हस्व राहते, म्हणून ‘स्मृतिचिन्ह’, हे मी सांगितले. मग त्याने खिशातून दुसरा कागद काढला. दारावरच्या पाट्यांची दोन कामे होती: ‘आशिर्वाद’ आणि ‘मातृछाया’. मी ‘आशीर्वाद’ आणि ‘मातृच्छाया’ अशी दुरुस्ती करून दिली. त्याने प्रत्येक शब्दाखाली कारण लिहून घेतले.

“एवढं कशाला?” मी विचारले.

“कागदावरचं खोडता येतं, सर. लाकूड जाळल्यावर काय खोडणार? एक वेलांटी चुकली की एक पाटी गेली, अन् पाटी माझ्या पैशाची.”

त्या रात्री मला त्याची बी. ए. ची उत्तरपत्रिका आठवली. विचार चांगले, वेलांट्या भलतीकडे. कॉलेजातल्या आम्हा मंडळींत एक तक्रार नेहमी ऐकू येते: हल्लीच्या मुलांना शुद्ध लिहिता येत नाही. मग आम्ही सूचना काढतो, गुण कापतो, जादा तास घेतो. परंतु हा मुलगा लहानपणी आईवडिलांबरोबर फडावर जात असे. दिवाळीनंतर गावच्या शाळेत जो ‘इकारान्त’ आणि ‘उकारान्त’ शिकवला जाई, त्या वेळी तो कोपीपुढे बसून धाकट्या भावंडाला सांभाळत असे. वर्षाचे पाच-पाच महिने, पाच-सहा वर्षे. बी. ए. च्या वर्गात त्याच्या वेलांटीवर लाल रेघ मारणे म्हणजे भिंगाजवळच्या आरशाचा स्क्रू पिळणे. किरण वाकडा झाला तो पार मागे, जिथे अंधार आहे आणि जिथे हात घालायचा तर पाठीचा पत्रा काढावा लागतो. ठिपका चुकलेला आपल्यासमोर दिसतो, म्हणून चूकही समोरच असली पाहिजे, असे माणसाला वाटते. यंत्राच्या बाबतीत हा समज पैशाला पडतो. माणसांच्या बाबतीत पिढीला.

साठ पाट्यांपैकी एकेचाळीस पाट्या होईतो संध्याकाळ झाली, गावातले दिवे लागले, विजेचा दाब उतरला आणि बेचाळिसावे अक्षर फिके आले. उरलेल्या एकोणीस त्याने पहाटे तीन ते सहा, गाव निजलेले असताना केल्या. स्टॅबिलायझर नंतर, पाट्यांचे पैसे आल्यावर घेतला. दसऱ्याच्या आधी मुकादम पुन्हा आला तेव्हा दुकानात लाकडाच्या धुराचा वास भरला होता. मुलगा म्हणाला, “मामा, औंदा माझा कोयता धरू नका.” मुकादमाने वहीतली एक ओळ खोडली. त्याच्या वहीतले मात्र खोडता येत होते.

हा विजय पुरा झाला असे मी म्हणणार नाही. आईवडिलांना त्या वर्षीही जावे लागले. आदल्या वर्षीची उचल फिटायची होती. ट्रक निघाली त्या पहाटे तो त्यांना पोहोचवून सरळ दुकानात आला आणि यंत्राचे पाणी बदलत बसला. फरक पडला तो एवढाच की त्याचा धाकटा भाऊ, सातवीतला, ट्रकमध्ये चढला नाही. तो भावजयीच्या हातचा डबा घेऊन शाळेत गेला.

डिसेंबरात एक बाई काळ्या ग्रॅनाइटची फरशी घेऊन दुकानात आल्या. भाऊ अपघातात गेला होता. गावात त्याच्या नावाने पार बांधायचा होता आणि त्यावर नाव कोरून हवे होते. ग्रॅनाइटवर हा किरण पडला की दगडाचा वरचा थर फुटून पांढरट अक्षर उठते. मी त्या वेळी तिथेच होतो, आणि मला खोलेश्वराच्या देवळातला शिलालेख आठवला. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर; त्याचा मुलगा राम लढाईत पडला, तेव्हा बहिणीने, लक्ष्मीने, त्याच्या स्मरणार्थ देऊळ बांधले आणि ती हकीकत दगडावर लिहवून ठेवली. इसवी सन १२४० ची ही गोष्ट. पावणेआठशे वर्षांहून अधिक काळ लोटला. छिन्नी गेली, अदृश्य किरण आला. परंतु भावाच्या नावाचे अक्षर चुकू नये म्हणून दगडाशी वाकून बसलेली बहीण मात्र तीच होती. तिने कागदावर लिहून आणलेले नाव मुलाने तीनदा वाचून दाखवले, तिच्याकडून होकार घेतला आणि मगच झाकण लावले.

पाडव्याच्या सुमारास आईवडील परतले. उचल फिटली होती. यंत्र अजून चालते. उन्हाळ्यात पाणी तापते तेव्हा त्यात बर्फाच्या बाटल्या सोडाव्या लागतात, पट्टा सैल पडला की वर्तुळाची दोन टोके जुळत नाहीत, आणि नळी आज ना उद्या संपणार आहे. तिच्यासाठी वेगळा डबा करून दर कामामागे काही रुपये त्यात पडतात. धाकट्या भावाचे यंदा आठवीचे वर्ष. दुपारी तो दुकानात बसतो आणि पाटी कोरण्यापूर्वी मजकूर मोठ्याने वाचतो. त्याच्याही वहीतल्या वेलांट्या अजून चुकतात. पण त्या दुरुस्त करायला तो आता नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वर्गात असतो.